काहूनचा रकाना

बातमी आली तेव्हा मी पोळ्या लाटत होतो. फोन विजयाचा होता, माझ्या बायकोचा. ती इथे अमेरिकेत, ट्रॉय गावाजवळच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि ड्यूटीवरून कधीही घरी फोन करत नाही. त्यामुळे तिचा आवाज ऐकताच लाटणं बाजूला ठेवलं. "रामटेके काका गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी दारापुढचा बर्फ फावड्यानं बाजूला करता करता काका पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. तव्यावरची पोळी जळून काळी होईपर्यंत मी रिसिव्हर धरून उभा होतो.

त्याला आता सहा आठवडे झाले. बर्फ वितळला, रस्त्याकडेचं गवत पुन्हा दिसायला लागलं. काकू म्हणाल्या, "संभा, त्यांच्यावर तूच लिही." मी नववी अर्ध्यात सोडलेला माणूस. पत्र लिहितानासुद्धा विजयाला दाखवून मगच पाकिटात घालतो. पण काकांचं माझ्यावर एवढं ऋण आहे की नाही म्हणायची हिंमत झाली नाही. शिवाय एक गोष्ट मला जवळजवळ दोन वर्षं आतून खात होती. काकांनी एकदा माझ्या हातातलं मोजायचं काम काढून घेतलं होतं. मी खोटं मोजलं होतं म्हणून. त्यानंतर ते माझ्याशी कधी वाकडं वागले नाहीत, पण त्यांच्या मनातून मी उतरलो की काय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही... आणि आता विचारायची सोय राहिली नाही.

मी कोल्हापूरचा. शाळा सुटल्यावर एका आचाऱ्याच्या हाताखाली लग्नाच्या पंगती वाढायचो, आणि थंडीत फुटबॉलचा सीझन आला की सगळं सोडून मैदानावर पळायचो. आमच्याकडे पेठेची टीम हरली तर घरात चूल उशिरा पेटते, असं ते वेड. विजया मिरजेला नर्सिंग शिकत होती, तिथेच ओळख झाली, लग्न झालं, तिला अमेरिकेत नोकरी मिळाली आणि तिच्या मागोमाग मी आलो. पंचाण्णवचा फेब्रुवारी होता. माझ्या व्हिसावर मला काम करायला परवानगी नव्हती. ती बारा-बारा तास ड्यूटी करायची आणि मी अपार्टमेंटमध्ये बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायचो. इंग्रजी येत नाही म्हणून दारावर कुणी टकटक केलं तरी श्वास रोखून गप्प राहायचो.

आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाला विजयानं मला ओढत नेलं. ट्रॉयमधल्या एका शाळेचा हॉल होता. तिथे दारापाशी एक सडपातळ, टक्कल पडलेले गृहस्थ हातात वही घेऊन उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होते. तेच रामटेके काका. मूळचे कामठीचे. गाड्यांच्या दारांना बसवायच्या रबरी पट्ट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "म्हणजे फुटबॉलवाला! अन् इथे घरात बसून भिंती मोजून राहिला का तू?" कामठीही फुटबॉलचं गाव. काका लहानपणी अनवाणी खेळलेले. पुढच्या शनिवारी ते स्वतः गाडी घेऊन मला न्यायला आले.

आमचा क्लब म्हणजे तिसऱ्या दर्जाच्या लीगमधली टीम. भाड्यानं घेतलेलं शाळेचं मैदान, अ‍ॅल्युमिनियमची बाकं, एक हॉट डॉगची गाडी आणि गालिचांचं दुकान चालवणारा जेरी नावाचा मालक. आदल्या उन्हाळ्यात अमेरिकेत वर्ल्ड कप झालेला. त्या लाटेत क्लब निघाला आणि सुरुवातीला बाकं भरलीही. मी आलो तोवर ती रिकामी व्हायला लागली होती. जेरी म्हणायचा, टीम हरते म्हणून लोक येत नाहीत. त्याचा भाऊ म्हणायचा, पार्किंगमध्ये चिखल होतो म्हणून. काका म्हणायचे, "तुम्ही अंदाज करून राहिले. कुणाला विचारलं काय?"

आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. त्यासाठी एक मोठी वही केली. पहिल्या वर्षी ज्यांनी सीझन पास घेतले होते त्यांची यादी जेरीकडून घेऊन सगळी नावं त्यात उतरवली. पुढे तारखांचे उभे रकाने, आणि सगळ्यात शेवटी एक रुंद रकाना, त्यावर मराठीत लिहिलेलं: 'काहून?' म्हणजे नागपूरकडचं 'का'. कारखान्यात रबराची पट्टी बिघडली तर पाच वेळा 'का' विचारायचं, तेव्हा कुठे मूळ सापडतं, अशी त्यांची पद्धत. माणसांनाही तीच लावली. बाकावर बसून ते चेहरे ओळखून नावापुढे खूण करायचे. मैदानाच्या दारात एकूण माणसं मोजायला मला उभं केलं. मुठीत मावणारा क्लिकर, अंगठ्यानं दाबला की टिक होऊन एक आकडा पुढे. इंग्रजी लागत नाही, कुणाशी बोलावं लागत नाही. अमेरिकेत मला मिळालेलं ते पहिलं काम. पगार नव्हता, पण त्या रात्री मी विजयाला सांगताना 'माझी ड्यूटी' असं म्हणालो होतो.

माझ्या दुसऱ्या सीझनला, म्हणजे शहाण्णवच्या उन्हाळ्यात, आकडा फारच खाली आला. जेरीनं सांगून टाकलं, असंच राहिलं तर पुढच्या वर्षी मैदान घेणार नाही. काका वहीची पानं मागे-पुढे उलटत राहिले. मला ते बघवेना. शिवाय मनात एक भीती, क्लब गेला तर माझी ड्यूटी जाईल, परत ते पार्किंगकडे बघत बसणं. पंगतीत आम्हाला आचाऱ्यानं शिकवलेलं, माणसं मोजली की दहा-वीस जास्त धरायची, कमी पडायला नको. मी तेच केलं. एका शनिवारी दहा टिका जास्त मारल्या. पुढच्या शनिवारी वीस. मग तीस. काका आकडा विचारायचे, वहीत लिहायचे, आणि मला वाटायचं, आज हा माणूस जरा बऱ्या मनानं घरी जाईल.

तिसऱ्या शनिवारी मॅच संपल्यावर काका घरी निघेनात. त्या दिवसांत इथे झाडांचा पिवळा पराग उडतो, गाड्यांवर आणि बाकांवर हळदीसारखा थर बसतो. काका पहिल्या बाकापासून सुरू झाले आणि जिथे जिथे माणूस बसून थर पुसला गेला होता ती प्रत्येक जागा बोट लावून मोजत गेले. एकेक बाक, वरपर्यंत. पन्नाशी उलटलेला इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, आणि वाकून वाकून पराग वाचतोय... मी खाली उभा राहून बघत होतो. मला कळलं होतं ते काय करतायत, आणि पळून जावंसं वाटत होतं. तरी खरं सांगतो, त्या भीतीतसुद्धा मला वाटून गेलं की असा माणूस मी आजवर बघितला नाही.

खाली येऊन ते म्हणाले, पोरं इकडून तिकडे पळतात, माणसं जागा बदलतात, म्हणजे पुसलेल्या जागा माणसांपेक्षा जास्त निघायला पाहिजेत. "कमी निघून राहिल्या, संभा. काहून?"

मी पंगतीचं सांगितलं. दहा जास्त धरायची रीत सांगितली. काका रागावले नाहीत. बोटाला लागलेला पराग रुमालानं पुसला. मग म्हणाले, "पंगतीत दहा जास्त धरले तर भात उरतो. इथे दहा जास्त धरले तर दहा माणसं हरवतात. जो आला नाही तो आला म्हणून लिहिला, मग त्याच्या घरी विचारायला जाईल कोण?" आणि हात पुढे केला. मी क्लिकर त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला.

मी पुढचे दोन शनिवार गेलो नाही. विजयाला पोट बिघडल्याचं सांगितलं. तिसऱ्या शनिवारी दुपारी दारावर टकटक झाली. नेहमीसारखा श्वास रोखून बसलो, तर बाहेरून आवाज आला, "अरे, मी आहे. काकूनं सांबारवडी पाठवली, थंड होऊन राहिली." सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली त्यांच्याकडची वडी. मी दार उघडलं. सगळ्या जगाला 'काहून' विचारणारा तो माणूस मला काही विचारेल म्हणून मी उत्तर घोकत होतो, पण त्यांनी विचारलंच नाही. "चाल," म्हणाले. मैदानावर गेल्यावर मला सातव्या बाकावर मधोमध बसवलं आणि स्वतः जाऊन दारात उभे राहिले, क्लिकर घेऊन. नावांच्या खुणा आता तेच दारात करू लागले. मी मॅच बघत होतो, पण डोळ्यापुढे तेच... माझ्यावरचा विश्वास गेला. सीझनभर असंच चाललं. मला क्लिकर परत मिळाला नाही.

रविवारी मात्र ते मला सोबत न्यायचे. जे यायचे बंद झाले त्यांच्या घरी. मांडीवर नकाशा घेऊन रस्ता दाखवणं माझ्याकडे. एका घरी पोलिश म्हातारा होता, निवृत्त पोस्टमन. आधी म्हणाला, गुडघे दुखतात. काकांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. पाचव्यांदा त्यानं सांगितलं की मॅचला तो बायकोबरोबर यायचा, ती जानेवारीत गेली, आणि शेजारचं बाक रिकामं ठेवून कसं बसायचं ते त्याला कळत नव्हतं. काका म्हणाले, आमचा एक माणूस सातव्या बाकावर एकटाच बसतो. तो माणूस म्हणजे मी! पुढच्या शनिवारी म्हातारा येऊन माझ्या शेजारी बसला. दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण ऑफसाइड दोघांनाही कळत होतं.

एका मराठी घरीही गेलो. तिथली सहावीतली पोरगी म्हणाली, "काका, वी हॅव अवर ओन गेम्स." तिच्या आईनं कॅलेंडर दाखवलं. मुलीची मॅच सकाळी, मुलाची दुपारी, दोघांच्या प्रॅक्टिस वेगळ्या, नवरा-बायको शनिवारभर ड्राइव्ह करतायत. पोरंबाळं असलेल्या घरोघरी हेच उत्तर मिळालं. गाडीत बसल्यावर काका स्टिअरिंगवर हात ठेवून हसायला लागले. खेळणारे वाढले म्हणून बघणारे घटले! एखाद्या क्लबला यापेक्षा चांगलं मरण कुठलं, असं म्हणाले. 'टीम हरते' असं त्या अख्ख्या वहीत दोघा-तिघांनीच सांगितलेलं. बहुतेकांनी शेवटी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं: आम्ही यायचे थांबलो, तर कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

अशाच एका रविवारी परत येताना मी विचारलं की एवढं हजेरीचं वेड तुम्हाला कुठून लागलं. त्यांनी आधी रेडिओ बंद केला. मग सांगितलं, त्यांच्या वडिलांना शाळेत वर्गाबाहेर बसवायचे. मास्तर हजेरी घेताना आतली नावं वाचायचे आणि वही मिटायचे. "बाप रोज जायचा. आला काय, न आला काय, कागदावर फरकच नाही." मला एकदम माझी नववी आठवली. वडील आजारी पडले म्हणून मी शाळेत जायचा थांबलो, तेव्हा आज कुणीतरी येईल, का येत नाहीस विचारेल, म्हणून मी पंधरा दिवस संध्याकाळी कट्ट्यावर बसायचो. कुणी आलं नाही. हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो, त्या दिवशी काकांना बोललो. त्यांनी गाडी कडेला घेतली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा गाडी रस्त्याला लावली.

घरोघरी जाण्यानं काही माणसं परतली. क्लब एक सीझन जास्त जगला आणि सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये बंद झाला. शेवटच्या मॅचनंतर जेरी रडत होता. काका त्याला धीर देत होते, आणि मी लांब उभा होतो, तो एकच प्रश्न गिळून.

काका गेले तेव्हा हॉल माणसांनी भरला होता. बुद्धवंदना चालू असताना मागे तो पोलिश पोस्टमन आमच्या क्लबचा मफलर घालून, हात जोडून उभा होता. मागच्या रविवारी काकूंनी मला बोलावलं. काकांच्या टेबलाच्या खणातली ती वही आणि क्लिकर माझ्या हातात दिला. मी तिथेच खुर्चीवर बसून पानं उलटली. शेकडो माणसं, आणि प्रत्येकाच्या पुढे त्या बारीक, सरळ अक्षरात काहून. गुडघे, त्याखाली बायको गेली. शिफ्ट बदलली. पोरांच्या मॅच. शेवटच्या पानावर एकच नाव होतं. माझं. सीझन पास माझ्याकडे कधी नव्हता, त्या यादीत मी कुठेच बसत नव्हतो. नावापुढे शहाण्णवच्या उन्हाळ्यातल्या दोन शनिवारांच्या तारखा, दोन्हींवर फुली. आणि काहूनच्या रकान्यात लिहिलं होतं:

'कोल्हापूरचा फुटबॉलवेडा माणूस. त्याला मैदानाकडे पाठ करून दारात उभा केला, एक मॅच धड पाहू दिली नाही. त्याला स्वतःला कुणी मोजलंच नाही. चूक माझी. क्लिकर यापुढे माझ्याकडेच.'

खरंच होतं ते. दारात उभा असताना मी येणाऱ्या प्रत्येकासाठी टिक करायचो, स्वतःसाठी कधी केली नव्हती. काकूंनी पाणी आणून ठेवलं.

क्लिकर आता आमच्या स्वयंपाकघरात खिडकीत ठेवलाय. आकडा शून्यावर न्यायला त्याच्या बाजूला एक छोटी चावी असते. ती मी फिरवलेली नाही. शेवटच्या मॅचचा आकडा तसाच आहे, एकशे त्रेचाळीस. काकांनी मोजलेला, म्हणजे बरोबरच असणार. त्यात एक मी आहे.