गंधारावरचं कुंकू

जिनाप्पा मिस्त्री नमस्कार करायचे तोही एकाच हाताने. दुसरा हात कायम बरगडीला चिकटलेला, कारण काखेत माउथ ऑर्गन. वाजवण्याआधी तो अंगाच्या उबेत ठेवला नाही तर आतल्या पट्ट्या चिकटतात, हे मला पुढे कळलं. पहिल्या भेटीत मी त्यांना खांद्याचा डॉक्टर सुचवला होता.

कुपवाडच्या फाउंड्रीत तीस वर्षं त्यांनी वाळूचे साचे केले. ती वाळू छातीत बसली होती. चार पायऱ्या चढल्या की थांबायचे. डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं, तेव्हा मला म्हणाले, "नुसतं फुकून भागतंय व्हय? ह्यात निम्मं सूर आत वढावं लागत्यात. तीस वर्सं वाळू वढली, आता सूर वढतोय गड्या."

त्यांना एकच हवं होतं: मंचावर बसून, तंबोऱ्याच्या साथीत, अर्धा तास एक राग. आमच्या संगीत मंडळाचा चिटणीस मी. मंडळ त्यांना बोलवायचं, पण पुढचा कलाकार उशीर करतोय म्हणून सिनेमाची गाणी वाजवायला. 'सहलीचं खेळणं' हे नावही माझंच. सभेत हशा मिळाला, म्हणून पुढच्या सभेत पुन्हा वापरलं.

शेवटी साताऱ्याच्या संमेलनात एक सतारवादक आजारी पडले आणि मिस्त्रींना दुपारी चारचा अर्धा तास मिळाला. भीमपलास ठरला. आधी ते चूळ भरायला निघाले. माउथ ऑर्गन माझ्या हातात देत म्हणाले, "जरा धर."

एवढंच काम होतं. पण मला माझ्या टिंगलीची भरपाई करायची होती. तबल्या-तंबोऱ्याची पूजा चाललीच होती. त्या रांगेत मी माउथ ऑर्गन मांडला आणि हळदकुंकू सढळ हाताने वाहिलं. या वाद्याला भोकं असतात, हे डोक्यात आलंच नाही.

मिस्त्रींनी येऊन पाहिलं, हलकेच झटकलं. पण मंचावर मधल्या सप्तकातला गंधार उमटेना. श्वास आत ओढताच खोकल्याची उबळ आली. रुमाल लाल झाला. माझ्याकडे बघून पुटपुटले, "कुंकू हाय." मीही खुशाल कुंकूच मानलं.

मग त्यांनी भीमपलास सोडून सारंग धरला. सारंगात गंधार लागत नाही. त्या बंद भोकाला वळसा घालत, दम पुरवत, त्यांनी अर्धा तास पुरा केला. पुढच्या रांगेतले एक बुजुर्ग उठताना म्हणाले, भर माध्यान्हीचा राग चार वाजता? शेवटी सहलीवालेच. मी शेजारीच उभा होतो. एरवी न विचारता बोलणारा मी, तेव्हा पुढच्या कलाकाराचा माइक नीट करायला निघालो.

तीन महिन्यांनी मिस्त्री गेले. रुमालावर कुंकू थोडं आणि रक्तच जास्त होतं, हे मला त्यांच्या पत्नीकडून, वहिनींकडून, घरी भेटायला गेल्यावर कळलं. त्यांनी माउथ ऑर्गन पुढ्यात ठेवला. वरचं झाकण सैल होतं. बाकीच्या पट्ट्या लख्ख, गंधाराची तेवढी लाल. शेवटपर्यंत, दम असेल तेव्हा, एकच राग वाजवायचे म्हणे. कोणता, ते मी विचारलं नाही.

चूक कबूल करायला मी तोंड उघडलं, तोच वहिनी म्हणाल्या, "आवं भावजी, मी पुसाया निगाले तर हात धरला माजा. म्हनले, ऱ्हाऊ दे. वाद्य म्हनून पयल्यांदाच कुनीतरी पुजलंय."