दारूच्या चित्रात रेलिंग नाही

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये आमच्या शेजारी राहणारी वहिनी एका संध्याकाळी ताटभर आलुबोंडे घेऊन आली, तेव्हाच मी ओळखलं की काम मोठं आहे.

रविवारी तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. आधीच्या स्थळाच्या वेळी तिचा नवरा, प्लांटमध्ये क्रेन चालवणारा, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो, इतका झिंगून बसला की त्यानं मुलाच्या बापालाच विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" पाहुणे चहाही न घेता उठले.

"भाऊजी, तुमी चित्रकलेचे मास्तर," वहिनी म्हणाली. "शनिवारी मंडळाच्या हॉलात ते जुन्या जमान्यातले दारूचे चित्र दाखवा. ह्याले लाज वाटली त पोरीचं जमन."

दुसऱ्याला लाज आणणं ही माझी आवडती कला. शनिवारी हॉलमध्ये पडदा लावला आणि घसा खाकरला. पहिलं चित्र बादशहाचं. हातात रत्नजडित प्याला, बगलेत हात घालून सावरणारे दोन सेवक.

"बघा! बादशहा तोल सोडतो तेव्हा धरायला सेवक आणि रंगवायला चित्रकार. आपण पावर हाउसच्या नालीत पडतो आणि पोट्टे मोबाइलवर शूटिंग काढतात!"

सगळ्यांत जोरात टाळ्या भाऊनंच वाजवल्या.

दुसरं चित्र विलायतेतलं, जुनं, काळ्या शाईत छापलेलं. दारूच्या गल्लीत सगळे पडलेले. दगडी जिन्यावर एक बाप पिऊन पसरलाय आणि त्याच्या मांडीवरून तान्हं पोर खाली घसरतंय. मी आवाज कापरा केला. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात भाऊ उठला. "मास्तर, रेलिंग कुठी हाय?"

"कसलं रेलिंग?"

"जिन्याले रेलिंगच नाई ना जी! पोर पडनारच."

झालं! प्लांटनं या मंडळींना वर्षानुवर्षं चित्रं दाखवून धोका ओळखायला शिकवलेलं. मेल्यावर हे लोक आधी यमाच्या रेड्याचा ब्रेक तपासतील.

"पिंप एकाच दोरीवर लटकवलं बे!"

"शिडी कोनी धरलीच नाई!"

"हेल्मेट त एकाच्याही डोक्यावर नाई!"

बघता बघता निकाल लागला. गल्लीचा सत्यानाश सेफ्टी नसल्यानं झाला. दारू निर्दोष सुटली.

मग वहिनी उभी राहिली. "सगळं बराबर हाय. पन पोर कोनाच्या मांडीवरून पडून राहिलं?"

भाऊनं पडद्यावरच्या त्या बापाकडे पाहिलं. मग खाली बसला.

प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतली की तिच्यावर लाल पाटी लटकवतात : काम चालू आहे, सुरू करू नये. जो पाटी लावतो तोच ती काढतो, मोठा साहेबसुद्धा हात लावत नाही. हा नियम भाऊनं घरी शंभरदा फुशारकीनं सांगितलेला. रविवारी सकाळी त्याच्या बाटलीच्या कपाटावर तशीच पाटी होती, चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची. रंग कुंकवाचा, सही वहिनीची.

पाहुणे यायच्या आधी भाऊ कपाटापुढे दोनदा जाऊन आला. हात कडीपर्यंत गेला, पाटीला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. मग पाहुण्यांना चहा त्यानंच दिला आणि शिक्षण फक्त मुलाचं विचारलं.

पोरीचं लग्न झालं. पाटी अजून आहे. होळीला भाऊ लाडात येऊन विचारतो, "आता त काढतं का वं?"

पुरण वाटता वाटता वहिनी म्हणते, "काम चालू हाय."