व्हीलचेअरमध्ये बसलेले मिस्त्री

फाटकापासून दारापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या मिस्त्रींचे गुडघे तीस वर्षं हेच काम करून कामातून गेले आहेत. शेवटचा ब्लॉक बसल्यावर मी धास्ती बोलून दाखवली, "लेकीच्या व्हीलचेअरला हिसके बसणार नाहीत ना? तिची पाठ अजून दुखते."

मिस्त्री दारात ठेवलेल्या तिच्या खुर्चीत बसले आणि हाताखाली काम करणाऱ्या बायकोला म्हणाले, "ढकल."

"जन्मभर तेच करतेय," ती म्हणाली.

दारापाशी दोन हिसके बसले. सुस्कारा टाकून ते पुन्हा गुडघ्यांवर बसले. दोन रांगा उखडून त्यांनी खालची वाळू सारखी केली आणि ब्लॉक पुन्हा बसवले.

संध्याकाळी लेक स्वतः चाकं फिरवत फाटकापर्यंत जाऊन आली. एकदाही कळवळली नाही.

मिस्त्रींना मात्र उठवेना. बायकोने बखोटीला धरलं. "चला, खुर्ची तिची आहे. आपल्याला पायीच जायचंय."