बाकावर आडवे दोघे

ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या एका जुन्या गॉथिक चर्चमध्ये भित्तिचित्रं दाखवणारे एक म्हातारे स्वयंसेवक आहेत. भारतातून कुणी आलं की मी पाहुण्यांना तिथे नेते, पण या म्हाताऱ्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. देवदूतांबद्दल ते प्लंबरसारखं बोलतात. "याच्या पंखामागे पाणी मुरतंय, मेट." बाकावर कुणी पाय वर घेतले की नुसते खाकरतात.

यंदा बाबांना नेलं. त्यांच्या मानेला पट्टा, त्यामुळे वर बघता येईना. उत्तम चित्रं सगळी छतावर आणि बाबा फरशीकडे बघत उभे. "छान आहे," ते म्हणाले. "चल, निघू या."

म्हाताऱ्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. मग बूट काढले, टोपी पोटावर ठेवली आणि बाकावर सरळ उताणे झाले. शेजारचा बाक बाबांना बोटाने दाखवला. मी आधार देऊन बाबांना आडवं केलं.

दोघं छताकडे बघत राहिले.

"निळा रंग काय टिकलाय!" बाबा मराठीत म्हणाले.

"तो तिसरा देवदूत कंटाळलेला दिसतो," म्हातारे इंग्रजीत म्हणाले.

"हो ना," बाबा म्हणाले.

मी भाषांतर करायला पुढे झाले. दोघांनीही हात वर करून मला थांबवलं.