वाढत्या अंगाची सायकल

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची म्हणून कधी घेतलीच नाही. बाबा मुंबईला कामाला. ते वर्षातून एकदा येणार आणि तोवर पोरं वाढणार, म्हणून फ्रॉक, शर्ट, चपला सगळं वाढत्या अंगाचं. माझी पहिलीतली चड्डी मला तिसरीत बसायला लागली. पुढे मीही मुंबईला लागलो आणि हे वळण माझ्या अंगात इतकं मुरलं, की तीन वर्षांपूर्वी जयंतीला, चौदा एप्रिलला, धाकट्या बहिणीसाठी रेसिंग सायकल आणली तीसुद्धा एक माप मोठी. दुकानदार लहान दाखवत होता. मी त्यालाच शहाणपण शिकवलं.

दर्शना तेव्हा एकतीस वर्षांची होती. उंची चार फूट दहा इंच. दापोलीजवळच्या शाळेत ती गणित शिकवते आणि शाळेचे रोजचे नऊ किलोमीटर जुन्या सायकलवर जाते. ती आणखी कुठे वाढणार होती, ते माझं मलाच माहीत.

दापोलीतली सायकलवाली मंडळी दर डिसेंबरात एक फेरी काढतात. पहाटे दापोलीहून निघायचं, खेडवरून चिपळूण गाठायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत परत यायचं. ही फेरी पुरी करायची एवढा एकच हट्ट दर्शनाने आयुष्यात धरला. आमच्या वाडीतल्या कुणीच ती केली नव्हती.

माझ्या सायकलवर तिने आठ महिने सराव केला. हँडल लांब पडायचं, खांदे आखडायचे, बोटांना मुंग्या यायच्या. दादाने आणलीय म्हणून बाई एक अक्षर बोलली नाही. शेवटी फेरीच्या दिवशी खेडच्या उतारावर तिची बधिर बोटं ब्रेकपर्यंत पोचेनात. कशीबशी थांबली, खाली उतरली, खेडपर्यंत चालत गेली आणि टेम्पोतून परत आली. त्या मंडळींतला विनीत, साडेपाच फुटाचा गडी, मनाने चांगला, तिची समजूत घालत म्हणाला, तुमच्या उंचीला हे झेपायचं नाही, साधी लेडीज सायकल घ्या. घरी आईचंही तेच म्हणणं पडलं. मी फोनवर गप्प बसलो. आता लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

दुसरी एखादी रडली असती. हिने टेप काढली. शाळेत मुलांची उंची मोजायच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पायांची लांबी घ्यायला जांघेशी जाडजूड शब्दकोश घट्ट धरला आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर शाळेतल्याच शिक्षिका सानवीबाईंना मोजायला लावलं. मग हात मोजले, खांदे मोजले, सायकल मोजली. हे सगळं वहीत मांडून तिने मला फोन केला.

"दादा, माझी उंची कमी नाय. सायकल मोठी हाय."

आठ महिने तिने हे पोटात ठेवलं होतं आणि चूक सगळी माझी होती.

चिपळूणच्या सायकलवाल्या ओमकारकडे ती वही घेऊन गेली. सीट पुढे सरकवून भागवू म्हणाला, तर ते आपण करून बघितलंय, गुडघे दुखतात, असं तिने त्याला सांगितलं. त्याने हँडलचा दांडा आखूड लावून पाहिला. थोडा फरक पडला, पण फ्रेमच मोठी, तिला कोण काय करणार? तेव्हा सगळ्यांत लहान फ्रेमची सायकल मागवली. तिला अरुंद हँडल आणि आखूड क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, बसवली, ब्रेकच्या मुठी स्क्रू फिरवून आत घेतल्या, बोटांनी सहज धरता येतील अशा. माझी मोठी सायकल विनीतने घेतली. त्याला ती अशी बसली की जणू त्याच्यासाठीच आणली होती. सायकल वाईट नव्हतीच.

गेल्या डिसेंबरात फेरीसाठी मी रजा टाकून गावी आलो. संध्याकाळी आईला घेऊन दापोलीच्या नाक्यावर उभा राहिलो. साडेपाच झाले. आई पदराशी चाळा करत होती. पावणेसहा होऊन गेले आणि वळणावर दर्शना दिसली. सायकलवर नीट बसलेली, कोपर सैल, चेहरा लालबुंद. तिने दोन बोटांनी ब्रेक दाबला आणि आमच्यापुढे येऊन उभी राहिली. सहाला अकरा मिनिटं कमी होती. विनीत आधीच पोचला होता. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्याच्याच वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

पिशवीतून मी जर्सी काढली. दर्शना फेरी पुरी करणार याची मला खात्री होती, म्हणून मुंबईहूनच घेऊन आलो होतो. आईने ती हातात धरून उलटसुलट पाहिली.

"येवढीशीच? जरा वाढत्या अंगाची आणायचीस."

"नाय आई," मी म्हटलं, "तिच्या मापाची हाय. मी तिला इचारून आणलीय."

दर्शनाने ती तिथेच, घामेजल्या कपड्यांवर चढवली. खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर आली.