भोकरचा बोगस डॉक्टर

चहा आधी ओतून घ्या, कारण माझी अक्कल कशी चव्हाट्यावर आली ते सांगायला बसलोय. मध्येच उठायचं न्हाई.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी भोकरला शाळेत मराठी शिकवतो आणि आमची स्नेहल लातूरला डॉक्टरकीच्या, म्हणजे नीटच्या क्लासला असते. थंडी सुरू झाली तसा पोरीचा आवाजच उतरला. फोन केला की, "हं. जेवले. ठेवू?" एवढंच. सगळं सोडून परत येते की काय ही? विचारलं तर सांगत न्हाई. मग मी काय केलं? दिवसाला चार फोन करायचो, ते सहा केले.

शेवटी आमच्या शाळेतले गणिताचे सर म्हणाले, "लातूरच्या पोरांचा मोबाईलवर एक ग्रुप हाय. सगळी तिथंच पडीक असतात. घुसा की."

घुसलो. दारातच नियम. खरं नाव लिहायचं न्हाई. आधी 'डॉ.' लावायचं आणि पुढं गाव. डॉ. देवणी, डॉ. उदगीर, डॉ. निलंगा. अजून परीक्षेचा पत्ता न्हाई, पण गावोगावचे डॉक्टर हजर. हसू आलं, आणि खोटं कशाला बोलू, छाती बी भरून आली. आमच्या लहानपणी सुई टोचून घ्यायला बी दुसऱ्या गावी जावं लागायचं.

'डॉ. भोकर' मात्र कोणीच नव्हतं. म्हणजे आपली पोरगी या भानगडीत न्हाई, गुमान अभ्यास करून राहिली. मी खूश. आणि जागा रिकामी दिसली की रुमाल टाकायचा, ही आपली एसटीतली सवय. झालो डॉ. भोकर.

पहिलाच मेसेज टाकला, "सर्व मित्रांस सप्रेम नमस्कार. सदर समूहात प्रवेश दिल्याबद्दल आभारी आहे."

लगेच उत्तर आलं, "भावा, तू ओपी आहेस." ओपी म्हणजे लई भारी, हे मला नंतर कळलं. तोवर मी ओपीडीची वेळ विचारून बसलो होतो.

हळूहळू मी बी तयार झालो. हरलं की 'एल लागला', पळून जायचं तर 'कल्टी', आणि पोरगा असो की पोरगी, सगळे 'भावा', पोरी बी 'येतो-जातो'च लिहिणार. एका संध्याकाळी डॉ. इस्लापूरनं लिहिलं, "टेस्टमध्ये परत एल लागला. कल्टी मारून घरी जातो आता."

इस्लापूर म्हणजे माझी सासुरवाडी. तिथलं पोर म्हणजे घरचंच की. मी त्याला एकट्याला लिहिलं, "भावा, काय झालं?"

"मार्कांचं काही न्हाई रे. पप्पांचं टेन्शन हाय. दिवसाला सहा फोन. आधी मार्क किती, जेवण झालं का ते शेवटी. फोन वाजला की वाचलेलं सगळं उडून जातं."

सहा फोन? मी पेटलोच. हा बाप आहे का जेलर? आता मी बी सहाच करतो, पण ते काळजीपोटी.

"ब्लॉक कर त्यांना," मी लिहिलं. "रविवारी तूच एक फोन लाव. अशा बापांना धडा मिळायलाच पाहिजे. पण लातूर सोडू नको, भावा. पुढची टेस्ट तर देऊन बघ."

"नक्की करू ब्लॉक?"

"बिनधास्त. मी सांगतो ना."

एका पोराचं भलं केलं म्हणून त्या दिवशी मी भाकरी जरा जास्तच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी स्नेहलला फोन लावला. लागेना. शाळेत जाऊन लावला, मधल्या सुट्टीत लावला. लागेना. घरी येऊन सरळ पिशवीत कपडे कोंबायला लागलो. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला कॉलेजला होतो. माझा बाप मिळेल त्या गाडीनं भोकरहून आला, खोलीच्या दारात मला बघितलं, "हायस ना?" म्हणाला आणि चहा पिऊन परत गेला. बाकी काही विचारलंच न्हाई त्यानं. हे मला तेव्हाच का आठवलं, कोण जाणे.

बायको म्हणाली, "अहो, थांबा. माझ्या फोनवरून बघते." पहिल्या रिंगला उचलला! स्पीकर चालूच होता.

"मम्मी, मजेत हाय मी."

"अगं, पप्पांचा फोन का लागेना?"

"ब्लॉक केलाय. ग्रुपवरचा एक भावा म्हणाला, बिनधास्त कर. डॉ. भोकर."

पिशवी माझ्या हातातून सुटली. बायको माझ्याकडं बघायला लागली. "भोकरचा कोण गं हा दीडशहाणा?"

"असेल तुझ्या शेजारीच. 'सदर समूह' लिहिणारा दुसरा कोण हाय?"

"म्हणजे डॉ. इस्लापूर..." मी कसंबसं म्हणालो.

"मीच. आजोळचं नाव लावलंय. तोंडावर बोलता आलं नसतं, पप्पा. खरंच घरी येणार होते मी. पण तुम्ही म्हणालात ना, पुढची टेस्ट देऊन बघ. देते."

मी एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

"हाव," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली. माझे डोळे भरले, ते बायकोनं पाहिलं आणि चहा ठेवायला गेली.

मग ग्रुपमधून गुपचूप कल्टी मारावी म्हणून मोबाईल उघडला. तर डॉ. देवणी, जो ग्रुप चालवतो, त्यानं पोरीकडून सगळं ऐकून माझं नाव बदलून ठेवलेलं. पार लातूर-नांदेडचे डॉक्टर एका ओळीत, आणि सगळ्यात खाली एकटाच 'पेशंट भोकर'.

मी बी तसंच राहू दिलंय. ही पोरं उद्या डॉक्टर होणार, त्यांना सरावाला कोणीतरी पाहिजेच की. माझा नंबर अजून ब्लॉकच आहे, पण इलाज चालू आहे. डॉ. इस्लापूर स्वतः फोन करतात, दर रविवारी.