मला कुठे उचलून नेऊ नकोस

दिल्लीत पाच वर्षं चिनी भाषा शिकून मी मध्य प्रदेशात, बालाघाटला परत आले, कारण बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. बाबा वनखात्यातून निवृत्त झालेले. मी चिनी घेतलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "बालाघाटात चिनी कोनासंग बोलशीन?" परत आल्यावर मलाही तोच प्रश्न पडला. शिकवणीला मुलं मिळत होती, पण इंग्रजीची.

अशात दादाचा फोन आला. दादा म्हणजे विद्यापीठातला माझा सीनियर, नागपूरचा. आमच्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघेच, म्हणून पहिल्याच वर्षी मी त्याला राखी बांधली. सुट्टीत तो दोनदा आमच्याकडे राहून गेला होता. आईच्या हातचे पाटवडीचे तुकडे त्याने रश्शासकट तीन वेळा मागून घेतले होते, त्याचं आईला अजून कौतुक होतं. त्याने आता बातम्यांचं हिंदी पोर्टल काढलं होतं.

"तू घरबसल्या काम कर," तो म्हणाला. "चीनमधली साधी माणसं बातम्यांवर काय लिहून राह्यली, ते रोज मले पाठव. आपल्याकडं कोनालेच माहीत नाही."

मला ते फार पटलं. तेव्हापासून सकाळी सहाला मी फोन घेऊन बसायची. तिकडे तोवर साडेआठ वाजलेले, लोक कामाला निघालेले, आणि निघता निघता लिहीत असलेले. अमेरिकेच्या निवडणुकीवर, आमच्या सीमेवरच्या बातमीवर, त्यांच्याकडच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या चौकशीवर. प्रत्येक शेऱ्याखाली लिहिणाऱ्याचा प्रांत दिसायचा. शिव्या भरपूर असायच्या, त्या आपल्याकडच्यासारख्याच. पण त्यांच्याच देशातल्या बातम्यांवर लिहिताना लोक वाकड्या वाटेने जायचे. एका शब्दाऐवजी त्याच उच्चाराचा दुसरा शब्द वापरायचे, म्हणजे सरकारी छाननीत अडकत नाही. पोलिसांनी बोलावलं तर 'चहाला बोलावलं' म्हणायचे. बाजूला उभं राहून गंमत पाहणाऱ्यांना 'टरबूज खाणारी पब्लिक' म्हणायचे. हे सगळं मी बाबांना वाचून दाखवायची. डावा हात मांडीवर ठेवून ते खुर्चीत बसलेले असायचे.

"काय म्हणून राह्यले आज चीनवाले?" ते विचारायचे.

त्या गर्दीत मला एक बाई सापडली. तिच्या खात्याच्या गोल चित्रात लाल भोपळा होता. आमच्याकडे त्याला कोहळं म्हणतात, म्हणून बाबांनी तिचं नाव कोहळंवाली ठेवलं. ती कुठल्या तरी लहान गावात शाळेत शिकवायची, एवढं तिच्या लिहिण्यावरून कळायचं. अमेरिकेच्या मतमोजणीवर लोक दिवसभर भांडत होते, तिने लिहिलं, 'मी वर्गातल्या मॉनिटरची निवडणूक घेतली. हरलेला अजून रडतो आहे.' सीमेवरून तणावाची बातमी आली, शिव्यांचा पूर आला, तिने लिहिलं, 'माझा भाऊ तिथे दोन हिवाळे होता. तो सांगतो, तिथे गवतसुद्धा उगवत नाही.' बस, एवढंच. बाबांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. त्यांची उभी नोकरी जंगलात गेली होती.

एक दिवस मी तिला निरोप पाठवला. मी भारतातल्या एका लहान शहरात राहते, तुझं लिहिणं वाचते, काहींचं भाषांतर करते. तुझंही करू का? दोन दिवसांनी उत्तर आलं. 'वाच. आनंद वाटला. पण मला कुठे उचलून नेऊ नकोस.'

मी दादाला हे सांगितलं. पण मी फोनवर वाचून दाखवलेली तिची वाक्यं दादाला आवडली होती. "नाव नाही, चित्र नाही, प्रांत नाही," तो म्हणाला. "फक्त 'एक शिक्षिका म्हणते' असं टाकू. माझ्यावर भरोसा नाही का तुले?"

"हौ, आहे," मी म्हटलं. आणि होताच. तिने नको म्हटलेलं मी असं वळवून घेतलं, की नाव न घेता सांगणं म्हणजे उचलून नेणं नव्हे. पुढे तो म्हणाला, मूळ शेऱ्यांचे फोटो पाठवत जा, उद्या कोणी विचारलं तर ऑफिसात पुरावा हवा, ते बाहेर जाणार नाहीत. तेही मी पाठवू लागले.

मग तिकडच्या एका गावात शाळेच्या वसतिगृहाचं छत पडलं. सरकारी निवेदन आलं, जखमी मुलांची प्रकृती स्थिर आहे. त्याखाली कोहळंवालीने लिहिलं, 'माझ्या आईच्या दवाखान्यातल्या कागदावरही स्थिर लिहिलं होतं. संध्याकाळी मला त्या शब्दाचा अर्थ कळला.' तासाभरात हजारो लोकांनी ते उचललं आणि मग ते दिसेनासं झालं. ते दिसत होतं तेवढ्यात मी फोटो काढून, भाषांतर करून दादाला पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लामत्याहून आलेल्या मावशीला बसस्टँडवर सोडून घरी आले, तर बाबा हसत होते. "तुझं काम आलं बघ, व्हिडिओ आला!" त्यांनी तो निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकूनही दिला होता.

मी पाहिला. मागे ढोल वाजत होते. 'चीन में बगावत, टीचर ने सरकार को ललकारा.' आणि पडद्यावर तिचा शेरा, मोठा करून. कोहळं, खात्याचं नाव, प्रांत, सगळं लाल वर्तुळात. खाली हिंदीत लिहिलं होतं, 'ये सरकार झूठी है, इसे उखाड़ फेंको.'

मी दादाला फोन लावला. त्याने उचलला तो खुशीतच. "पाहिलं का? सकाळपासून चालूनच राह्यला तो व्हिडिओ."

"दादा, तिनं असं लिहिलंच नव्हतं."

"भावार्थ तोच ना?"

"नाही. आणि तिचं खातं काहून दाखवलं? तू शब्द दिला होता मले."

"अगं, खातं दाखवलं नाही तर लोक म्हणतात बनवून टाकलं." मग त्याचा आवाज बदलला. "तू भाषांतर कर, बातमी मी करतो. आन तिकडच्या एका बाईसाठी तू आपल्या मानसासंग भांडून राह्यली?"

मी म्हटलं, आत्ता काढ तो. तो म्हणाला, बघतो. मी पुन्हा लावला, त्याने कापला. असं चालू असताना फोनवर तिचा निरोप आला. व्हिडिओतलं चित्र तिकडे पोचलं होतं. तिच्या जुन्या शेऱ्यांखाली तिचेच देशवासी लिहीत होते, की ही परदेशी लोकांच्या हातात सुरी देणारी आहे, हिच्या शाळेचा पत्ता शोधा. तिचा निरोप एका ओळीचा होता. 'ते तू नेलंस का?'

मी तो लगेच वाचला. आणि उत्तर दिलं नाही. आधी दादा व्हिडिओ काढू दे, मग तिला सांगता येईल की काढला, असं मी स्वतःला सांगत राहिले. दोन तास गेले. व्हिडिओ निघाला नाही. शेवटी मी लिहिलं, 'हो. फोटो मी पाठवला होता. माझी चूक आहे.' निरोप गेला नाही. ते खातं अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं.

मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं दादाला शिव्या देतील. ते म्हणाले, "तिनं नको म्हटलं होतं. मग तू फोटो पाठवलाच काहून?" त्या दिवशी मला दादाचा जितका राग आला, तितकाच बाबांचाही आला. आई तर म्हणाली, जाऊ दे, पोरगा चांगला आहे, चूक झाली असेल.

मी काम सोडलं. अनेक आठवडे तिला शोधलं. तिच्यासारखी वाक्यं लिहिणारं कोणी दिसलं की तिचे जुने शब्द टाकून पाहायची. एकदा एकाने मला उलट विचारलं, तू कोण, आणि मी घाबरून निघून आले. तिला फक्त चहाला बोलावलं असेल, नोकरी गेली असेल, की तिने स्वतःच खातं बंद केलं असेल, काही कळायला मार्ग नव्हता. आता मी बिरसा गावाकडच्या एका खाणीत आलेल्या चिनी यंत्रांची माहितीपुस्तकं हिंदीत करते. कोणता पेच किती आवळायचा, तेल कधी बदलायचं.

मागच्या हिवाळ्यात गोंदियाला एका लग्नात दादा भेटला. काही झालंच नाही अशा थाटात त्याने मला हाताला धरून त्याच्या टेबलापाशी नेलं. त्याचे दोन-तीन सहकारी जेवत होते. "ही माझी बहीण," तो म्हणाला, "चिनी अशी बोलते ना, की चिनी माणूस लाजून जाईल. रुसली आहे माझ्यावर."

मी हात सोडवून घेतला. तिथेच उभं राहून, हिंदीत, सगळं सांगितलं. तिने काय लिहिलं होतं, याने काय दाखवलं, शब्द काय दिला होता. दादा हसला. "देखा, अभी तक गुस्सा है." बाकीचेही हसले. एक जण कढी वाढून घ्यायला उठला.

त्यांच्यातला एक वयस्क माणूस मात्र घास हातात धरून थांबला होता. त्याने विचारलं, "फिर उस टीचर का क्या हुआ?"

"मालूम नहीं," मी म्हटलं. एवढ्या महिन्यांत हे विचारणारा तो पहिलाच.